पांढऱ्यातला लाल ठिपका

हे लिहायला मला डायलिसिसच्या सिस्टरने लावलं. म्हणाली, बाई, नवीन पेशंट येतात ते नुसते भिंतीकडे बघत बसतात. तुम्ही तुमचं लिहून द्या, त्यांना वाचायला देऊ. मी म्हटलं, माझं वाचून तर ते उठून पळतील. पण मास्तरणीला कोणी ‘लिहा’ म्हटलं की हात शिवशिवतो. जन्मभर दुसऱ्यांचे निबंध तपासले, आता स्वतःचा लिहिते. चुका ज्याने त्याने सुधारून घ्याव्यात.

औषधांची नावं यात नाहीत, ती तुमचे डॉक्टर सांगतील. यात अंडी आहेत. हसू नका. किडनीच्या आजारात अंड्याच्या पांढऱ्यावर माणूस तरतो, आणि माझ्यासारख्या एखादीवर त्याच पांढऱ्यापायी बुडायची वेळ येते.

सोबत कोण?

पाय सुजायला लागले तेव्हा मी म्हटलं, वर्गात उभं राहून राहून झालेत. शाळा सोडून इतकी वर्षं झाल्यावर कुठलं उभं राहणं, हे डोक्यात आलंच नाही. तोंडाची चव गेली, अन्नावरची वासना उडाली. साखर जुनीच होती, ती मी अंगवळणी पाडून घेतली होती. रोह्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि काही न बोलता चिठ्ठी लिहून पेणला मोठ्या डॉक्टरांकडे धाडलं. न बोलणारा डॉक्टर म्हणजे काय, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पेणचे डॉक्टर वयाने माझ्या मुलाएवढे. त्यांनी रिपोर्ट वाचला, बाजूला ठेवला आणि विचारलं, “सोबत कोण आलंय?”

“मीच आलेय.”

“तसं नाही. तुमच्याबरोबर कोण?”

“तेच सांगतेय. मीच.”

मग त्यांनी बाहेरच्या सिस्टरला आत बोलावलं, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि मगच सांगितलं, की दोन्ही किडन्या गेल्यात जमा आहेत, आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त साफ करून घ्यावं लागेल, आणि हे आता कायमचं. त्या पोरीने माझा हात धरला होता. ती कोण, कुठली, मला ठाऊक नाही. मला रडू आलं ते किडन्यांसाठी नव्हे. कोणी तरी मला सोबत उसनी आणून दिली, त्याचं रडू आलं.

माझी माणसं कुठे गेली, ते सांगायला हवं. आम्ही बेने इस्रायल, मराठी बोलणारे यहुदी. खेड्यापाड्यांत आम्हाला शनवार तेली म्हणत, कारण आमचे वाडवडील तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. माझ्या लहानपणी इकडे आमची बरीच घरं होती. सणाला एकमेकांच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसे. मग एकेक घर इस्रायलला गेलं. भाऊ गेले, नणंदा गेल्या, शेवटी माझा रूबेनही गेला. मी आणि मिस्टर मागे राहिलो, कारण मिस्टरांना रोहा सोडवेना. नंतर तेही गेले, पण त्यांना विमान लागलं नाही. आता रोह्यातल्या आमच्या आळीत शनिवारी घाणा बंद ठेवणारी मी एकटीच आहे, आणि घाणाही नाही.

सगळं रोहा मला बाई म्हणतं. रस्त्याने चालले तर चार जण वाकून नमस्कार करतात. पण नमस्कार करणारा माणूस आपला थर्मामीटर बघायला घरी येत नाही.

मशीनवर

डायलिसिसच्या दिवशी सकाळची गाडी पकडायची. निडी, नागोठणे, कासू, मग पेण. निडीला गाडी जरा वेळ थांबली की मला बरं वाटायचं, कारण तेवढाच तो सुईचा वेळ पुढे जायचा. हा सगळा वेडेपणा, कळत होतं.

मशीनच्या खोलीत पहिल्या दिवशी रक्ताच्या नळ्या बघू नका, हा माझा सल्ला. पंख्याकडे बघा. दुसरं म्हणजे पांघरूण घरून न्या, आत थंडी फार वाजते. तिसरं, शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी बोला. माझ्या शेजारी धरमतरचे एक काका असत. जन्म खाडीत बार्जवर गेलेला, आवाज असा की पैलतीरावर ऐकू जावा. पाणी मोजून प्यायचं या गोष्टीवर त्यांचा फार राग. म्हणायचे, सगळा जन्म पाण्यात काढला आणि आता कपभर पाण्याला महाग झालो.

त्यांची बायको दर खेपेला डबा घेऊन यायची. डब्यात उकडलेल्या अंड्यांचं पांढरं, काळी मिरी घालून. पिवळं आम्हा किडनीवाल्यांना वर्ज्य. मी सहज विचारलं, की काकू, पिवळ्याचं काय करता? तर काका मध्येच म्हणाले, “पिवळा ती खाते, पांढरा मी. सगला संसार असाच वाटून खाल्ला.” काकू लाजल्या आणि डब्याचं झाकण पुसत बसल्या. मी पंख्याकडे बघत राहिले. माझ्या घरी पिवळं खाणारं कोणी नव्हतं.

तोवर माझ्या गळ्यात नळी होती. त्या नळीतून डायलिसिस व्हायचं. डॉक्टर म्हणाले, ही नळी म्हणजे भाड्याची खोली, जास्त दिवस राहाल तर जंतू घर करतील. मनगटातल्या दोन शिरा जोडायचं छोटं ऑपरेशन करायचं, म्हणजे सुई हातात टोचता येते आणि गळा मोकळा होतो. पण माझ्या रक्तातलं प्रोटीन इतकं खाली गेलेलं, की जखम भरणार नाही म्हणाले. आधी प्रोटीन वर आणा, मग हाताचं बघू. उशीर केलात आणि नळीत जंतू झाले, तर मग माझ्याही हातात काही राहणार नाही. एवढं स्पष्ट बोलले. मला स्पष्ट बोलणारी माणसं आवडतात, पण त्या दिवशी नाही आवडली.

प्रोटीन आणायचं कुठून? डाळ मोजून, दूध मोजून, शेंगदाणे बंद. कोंबडी खा म्हणाले. आता आमच्यात कोंबडी कापायची एक रीत असते, प्रार्थना म्हणून, विशिष्ट सुरीने, आणि ते जाणणाराच ती कापतो. तसा माणूस आता इथे उरला नाही. तेव्हापासून आमच्या घरात कोंबडी नाही, मटण नाही. खवल्याचा मासा चालतो, पण त्यालाही डॉक्टरांचं माप. राहिली अंडी. रोज पाच-सहा अंड्यांचं पांढरं खा, बाई, यातच तुमचं ऑपरेशन आहे, असं डाएटिशियन मुलीने सांगितलं. मी म्हटलं, एवढंच ना?

फोडून बघायचं

आमच्यात अंडं थेट कढईत फोडत नाहीत. आधी काचेच्या वाटीत फोडायचं, वाटी उजेडात धरायची, आणि आत रक्ताचा ठिपका आहे का ते बघायचं. ठिपका दिसला तर अख्खं अंडं टाकायचं. रक्त खायचं नाही, हा आमचा नियम. माझी आई एकेका अंड्याला वेगळी वाटी घ्यायची, म्हणजे एक वाईट निघालं तर बाकीची वाया जाऊ नयेत. लग्न झाल्यावर आमच्या घरी वाटणी ठरली. मी फोडायची, मिस्टर बघायचे. चष्मा कपाळावर सरकवून वाटीत डोकं घालायचे आणि म्हणायचे, “स्वच्छ.” तेवढा एक शब्द ऐकला की अंडं कढईत. त्या माणसाने मला जन्मात कधी ‘छान दिसतेस’ म्हटलं नाही, पण ‘स्वच्छ’ रोज म्हटलं.

आता मीच फोडायची आणि मीच बघायची. नाक्यावरच्या सलीमकडून अंडी आणली. पहिलं फोडलं, खिडकीशी धरलं, तर बारीक लाल ठिपका. टाकलं. दुसऱ्यातही. म्हटलं, नशीब. तिसऱ्यात ठिपका नव्हता, पण लालसर धागा होता, वाटी कलती केली की सरकायचा. तेही टाकलं.

दुसऱ्या दिवशी तेच. मी सलीमला जाऊन सांगितलं, बाबा, तुझ्या कोंबड्यांना काहीतरी झालंय. तो म्हणाला, बाई, सगळं रोहा हीच अंडी खातंय. मी दुकान बदललं. मग गावठी अंडी आणून पाहिली. उकडून कापून पाहिली, तर पांढऱ्याशुभ्र कापावरही तीच रेघ. गल्लीतली मांजरं माझ्या आजारावर गुबगुबीत झाली. मी मात्र सुकत चालले होते. कधी दोन अंडी पदरात पडत, कधी एकही नाही.

याच दिवसांत घरात जळमटं फार झाली होती. भिंतीवर काळे धागे दिसायचे, लोंबायचे. मी काठीला झाडू बांधून झाडत होते, तेव्हा शेजारची मंजुळा मागच्या दारात आली. मंजुळा माझ्या भिंतीपलीकडच्या घरात राहते. नवरा नाही, मुलगा कंपनीत शिफ्टला. माहेर निडीचं, भात आणि वाल पिकवणारं घर. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे मांस-मासळीचं नाव नाही, अंडं तर नजरेलाही नको. माझ्या स्वयंपाकघरात अंडं शिजत असेल तर पदर नाकाला लावून मागच्या मागे जाते. इतकी वर्षं आम्ही दोघी एकमेकींना सांभाळत आलो ते असं, उंबऱ्याच्या अल्याड आणि पल्याड.

“बाई, कुठं हाय जळमट?” तिने विचारलं.

“हे काय डोळ्यासमोर. आंधळी झालीस का?”

तिने माझ्या हातातली काठी घेतली, भिंतीवरून दोनदा फिरवली आणि कोपऱ्यात ठेवून गेली. जळमट तिथेच होतं. मी मनात म्हटलं, हिला कामाचा कंटाळा.

महिन्याचा रिपोर्ट आला. प्रोटीन वर जायचं सोडून आणखी खाली. डाएटिशियन म्हणाली, “बाई, तुम्ही खात नाही आहात.” मी सांगितलं, अंडी खराब निघतात. ती म्हणाली, रोज? सगळी? तिचा स्वर मला ओळखीचा होता. गृहपाठ न केलेल्या पोराला मी याच स्वरात विचारायची. मला पोराचा राग यायचा तेव्हा, आता पोराची दया आली.

रूबेनचा फोन रविवारी येतो. व्हिडिओवर त्याने माझा चेहरा पाहिला आणि भडकला. “आई, तू इकडे ये. तिकडे तुझं कोण आहे?” मी म्हटलं, गळ्यात नळी घेऊन मला कोण विमानात बसवतंय? आणि यायचं असतं तर धडधाकट होते तेव्हाच आले असते. तो म्हणाला, तेव्हाही मी हेच सांगत होतो. फोनच्या पलीकडे सुनेने कुकर बंद केल्याचा आवाज आला, आणि मला वाटलं, पोराचं घर किती जवळ ऐकू येतं.

शेवटी तोच म्हणाला, की बाजारात नुसत्या पांढऱ्याच्या बाटल्या मिळतात. कारखान्यात अंडी फोडतात, पिवळं वेगळं काढतात, पांढरं गाळतात, गरम करून जंतू मारतात आणि भरतात. “तुला फोडायला नको, बघायला नको. इथे मी आपल्या जाणत्यांना विचारलंय, चालतं. फक्त ओत आणि खा.”

वजन टिकवायचंय

रोह्यात मला ती बाटली मिळाली नाही. ऑनलाईन मागवायची तर थंड माल आमच्या पत्त्यावर येत नाही. पेणला जिमच्या खाली एक प्रोटीनचं दुकान आहे असं सिस्टरने सांगितलं. डायलिसिस संपवून, गळ्यातली पट्टी पदराने झाकून गेले. भिंतीवर उघड्या अंगाच्या पुरुषांचे मोठमोठे फोटो. आत दोन पोरं आरशात स्वतःचे दंड बघत होती. मला बघून त्यांनी दंड खाली केले.

दुकानदाराने विचारलं, “कोणासाठी पाहिजे, आजी?”

“माझ्यासाठी.”

“वजन वाढवायचंय की कमी करायचंय?”

“टिकवायचंय,” मी म्हटलं.

त्याने फ्रीजमधून बाटली काढली. मिस्टर मासळीला न्यायचे तो बर्फाचा डबा मी घरून आणला होता. त्यात बाटली घातली आणि गाडीत मांडीवर घेऊन बसले. घरी पोचेपर्यंत मला खूप दिवसांनी भूक लागली होती. खरोखरची भूक.

घरात शिरले, चमचाभर मिठाविना वाटण केलं, तवा ठेवला. बाटली उघडली. रूबेन म्हणाला होता, फक्त ओत. पण हाताला सवय जन्माची. काचेची वाटी घेतली, तीत ओतलं आणि खिडकीशी धरलं.

लाल ठिपका होता.

मला आधी खरंच वाटेना. चष्मा पुसला, वाटी बदलली, पुन्हा ओतलं. ठिपका आणि त्याच्या मागे तो धागा. कारखान्यात गाळलेल्या मालात रक्त! मी अख्खी बाटली मोरीत ओतली आणि तवा बंद केला.

पुढच्या खेपेला दुकानदाराला धारेवर धरलं. बिचारा चिडला नाही. त्याने नवी बाटली माझ्यासमोर फोडली, काचेच्या ग्लासात ओतली, बल्बखाली धरली. म्हणाला, “आजी, बघा, काही आहे का?” होता. मला दिसत होता. मी त्याला म्हटलं, तुला दिसत नाही की बघायचंच नाहीये? विकणाऱ्याची साक्ष कोणी धरायची? तो म्हणाला, तुम्ही ही बाटली घरी न्या, कोणालाही दाखवा.

कोणालाही. गाडीत बसल्यावर मी विचार करत होते, की कोणाला? निडी आलं, गेलं. ज्याला दाखवून विचारावं असं एकही माणूस माझ्या डोळ्यांपुढे येईना. आजारात सगळ्यांत वाईट काय, असं मला कोणी विचारलं तर मी सुई म्हणणार नाही, पाण्याची तहानही म्हणणार नाही. आपल्याला दिसतंय ते दुसऱ्यालाही दिसतंय का, हे विचारायला घरात दुसरं कोणी नसणं, हे सगळ्यांत वाईट.

मंजुळा बघते

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाटी भरून खिडकीशी बसले. अंगात त्राण नव्हतं. आदल्या दिवशी नुसत्या भातावर राहिले होते. वाटीकडे बघत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मला थांबवता येईना. आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांमध्ये हातभर बोळ आहे. तिकडच्या खिडकीतून मंजुळाने मला पाहिलं आणि ती मागच्या दाराने आली. उंबऱ्यावर थबकली, कारण वाटीत काय आहे ते तिने ओळखलं.

“काय झालं, बाई?”

“मंजुळा, जरा बघतेस का यात?”

ती दचकली. पदर नाकाकडे गेला. “बाई, माझी माळ हाय.”

“हात लावू नकोस. नुसतं बघ. यात लाल काही आहे का सांग. तुला यातलं काही नको आहे, तू खोटं बोलणार नाहीस.”

तिने माळ ब्लाउजच्या आत सारली, वरून तळवा दाबून धरला, उंबरा ओलांडला आणि वाटीवर वाकली. तिच्या आयुष्यात तिने पहिल्यांदाच अंडं इतक्या जवळून पाहिलं असेल. चांगली निरखून बघत होती.

“काय नाय यात,” ती म्हणाली.

“हा काय ठिपका. सरकतोय बघ.”

“कुठं?”

मी तिला बोट करून दाखवायला मान वर केली. आणि तो लाल ठिपका वाटीतून उठला, शेपटासारखा धागा ओढत तिच्या गालावर जाऊन बसला. मी भिंतीकडे बघितलं, तो भिंतीवर गेला, जळमट होऊन. मी पुन्हा वाटीत बघितलं, तर तो वाटीत हजर.

मी वाटी खाली ठेवली. इतकी वर्षं मला ‘बाई, तुमी’ म्हणणारी बाई, माझ्या हनुवटीला धरून म्हणाली, “अगो बाय, वाटीत काय नाय. डोळा दाखव तुझा.”

रक्त अंड्यात नव्हतं. माझ्या डोळ्यात होतं. साखरेने डोळ्याच्या आतल्या बारीक शिरा फुटून रक्त पाझरत होतं, आणि मी ते कोंबड्यांत शोधत होते. दुसऱ्या कोणी तो डोळ्यापुढचा ठिपका म्हणून आधीच ओळखला असता, पण दुसरं कोणी रोज सकाळी पांढऱ्यात लाल शोधायला बसत नाही. सलीमची मी नंतर माफी मागितली. तो म्हणाला, बाई, मी सांगितलं होतं ना, सगळं रोहा हीच अंडी खातंय.

पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात गेले. तिथल्या मुलीने नाव, वय विचारलं आणि मग तो प्रश्न विचारलाच.

“सोबत कोण?”

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला. “मी हाय.”

डाव्या डोळ्यापुढे धुकं राहिलं, ते आता राहणारच. लेझर करून उजवा वाचला. आणखी थांबला असतात तर तोही गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. मंजुळाने एवढंच ऐकलं आणि बाहेर येऊन मला तिथल्या तिथे झापलं, की जळमट म्हणून भिंत झाडत होतीस ना, आंधळी कोण ते कळलं का आता? मी म्हटलं, कळलं. मला कोणी झापून फार वर्षं झाली होती. बरं वाटलं.

ज्यांना खायचं आहे त्यांच्यासाठी

आता थोडं कामाचं. बाटलीवरची तारीख बघा. गाडीने आणणार असाल तर बर्फात आणा. उघडली की फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. लाईट बराच वेळ गेली आणि वास जरा जरी वेगळा आला तर टाका, हळहळू नका. जिमवाली पोरं कच्चं पितात म्हणे, तुम्ही शिजवूनच खा. उकळत्या रश्श्यात ओतू नका, चिंध्या होतात. तवा मंद ठेवून पोळा घाला, वर झाकण ठेवा. मिठाऐवजी लिंबू आणि मिरी. पोळ्याचा कंटाळा आला की इडलीपात्रात वाफवा, वर कोथिंबीर. चव रबरासारखी लागते, हे मी लपवणार नाही. किती खायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, माझ्या मापाने जाऊ नका.

आणि डोळ्यांपुढे जळमटं, ठिपके दिसले तर झाडू घेऊ नका. डॉक्टरकडे जा.

वाटी

मग मी खाऊ लागले. रोज. सकाळी मी वाटीत ओतायची, मंजुळा बोळापलीकडच्या खिडकीतून बघून मागच्या दाराने यायची, माळ आत सारून वाकून बघायची आणि सांगायची, मग मी तवा ठेवायची. माझा भरवसा आता माझ्या डोळ्यांवर नव्हता. दोन-तीन रिपोर्टांनंतर प्रोटीन वर आलं. हाताचं ऑपरेशन झालं, जखम भरली. मनगटाला कान लावला की आत आता गुणगुण ऐकू येते, रक्त वाहतंय त्याची. गळ्यातली नळी काढली त्या दिवशी मी घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं, तांबे मोजले नाहीत.

धरमतरच्या काकांची खाट आता दुसऱ्या कोणाची आहे. ते मुंबईला मुलाकडे गेले, तिथे मशीनवर जातात. पिवळं कोण खातं, काकू खातात म्हणे अजून.

मागच्या रविवारी रूबेनचा फोन आला तेव्हा मंजुळा इथेच होती. त्याने तिचे आभार मानले, आणि हसत म्हणाला, मावशी, तुम्ही रोज उगाच त्रास घेता. बाटलीतलं गाळून येतं, त्यात बघायचं काही नसतं. मी आईला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मंजुळा म्हणाली, “व्हय का?” आणि थोड्या वेळाने उठून गेली.

फोन ठेवल्यावर मला घर मोठं वाटायला लागलं. पोराचं काही चुकलं नव्हतं. त्याने खरं तेच सांगितलं, आणि ते मलाही आधीपासून माहीत होतं. मंजुळाला तेवढं माहीत नव्हतं, आणि मी तिला सांगितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी वाटी काढलीच नाही. म्हटलं, संपलं ते. आता तिला कोणत्या तोंडाने बोलवायचं? मुकाट्याने तवा ठेवला, बाटली उचलली आणि थेट ओतायला गेले. मागच्या दारात सावली पडली. मंजुळा उंबऱ्याच्या आत उभी होती, माळ ब्लाउजमध्ये सारलेली.

“वाटी कुठं हाय?”

“अगं, गरज नाही त्याची. रूबेनने सांगितलं ना काल. गाळून येतं.”

“सांगितलान. त्यो बघायला हाय का हितं?”

मी गॅस बारीक केला, फडताळातून काचेची वाटी काढली, तीत ओतलं आणि खिडकीशी धरली. माझ्या डाव्या डोळ्याला ती सगळी धुक्यात दिसत होती, उजव्याने मी तिच्याकडे बघत होते. ती वाकली. रोजच्यापेक्षा जास्त वेळ बघितलं तिने.

“स्वच्छ हाय गो,” म्हणाली. “खा आता.”